गंगूला मी ड्रॉइंग घ्यायला लावलं

हे मी आजवर कुणापाशी काढलेलं नाही – माझ्या मुलांपाशी तर नाहीच. आज तुमच्यापाशी काढतो आहे, तेही चाचरत.

सोलापुरात मी मुलांच्या हायस्कुलात संस्कृत शिकवायचो. धाकटी बहीण गंगू विधवा होऊन माहेरी परतली आणि पुढल्याच वर्षी माझी बायको बाळंतपणात गेली. माझी दोन लेकरं गंगूच्या अंगावर पडली. गिरणीचा भोंगा व्हायच्या आत तिची चूल पेटलेली असे. संध्याकाळी माझ्याकडे शिकवणीला पोरं यायची. ती अडखळली की भाकरी थापता थापता गंगू आतून पुढचं रूप म्हणून टाकायची. मला – खरं सांगू? – अभिमान वाटायचा.

लेकरं शेजारी ठेवून ती मुलींच्या शाळेत जाऊ लागली. वडिलांनी तिला एकच परवानगी दिली होती, “कॉलेजात जायचं तर संस्कृतासाठी जा. दुसरं थोतांड नको.” तिला तरी दुसरं काय हवं होतं?

मॅट्रिकचे विषय ठरवायची वेळ आली – संस्कृत की ड्रॉइंग. तिनं मलाच विचारलं. आणखी कुणाला विचारणार?

मॅट्रिकला संस्कृत नसेल तर कॉलेजात ते मिळत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. दरसाल वर्गात मीच ते सांगायचो. आणि तरी – किती घोळ घालतो आहे मी!

“ड्रॉइंग घे,” मी म्हणालो. “मार्क पडतात. संस्कृत तुला येतंच की. कॉलेजात घेता येईल.”

का? तिचं भलं व्हावं म्हणून? छे! कॉलेजासाठी ती पुण्याला गेली असती तर माझं घर कुणी चालवलं असतं? एवढंच. याहून मोठं कारण नव्हतं.

ती पास झाली. वडील तिला घेऊन पुण्याला गेले. कॉलेजातल्या कारकुनानं तिचे विषय पाहिले आणि नाही म्हणून सांगितलं. संस्कृत घेऊन पुन्हा परीक्षेला बसते, म्हणून ती वाटभर विनवत राहिली. वडील बधले नाहीत.

घरात पाऊल टाकताच ते माझ्यावर कडाडले, “मास्तर ना रे तू? एवढं ठाऊक नव्हतं तुला?”

गंगू लेकरांना वाढत होती. तिनं एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं – आणि तिला सगळं कळलं.

“दादाला कुठलं ठाऊक असणार, बाबा,” ती म्हणाली. “नियम बदलला असेल की.”

तिनं माझंही ताट वाढलं.

“हो, बदलला,” मी म्हणालो आणि जेवायला बसलो.