मागच्या गल्लीची मुकादम

सुपरमार्केटच्या मागच्या फाटकावर ट्रक खाली करणाऱ्या हमालांची ती मुकादम. सगळे तिला आक्का म्हणत. हाताने दणकट, जिभेने त्याहून. कामचुकाराच्या कानाखाली आवाज काढताना ती कुणाची परवानगी घेत नसे.

तिच्या कंपनीची दुकानं शहरभर होती, आणि जमेची बाजू म्हणजे स्वतःचे ट्रक. शेतातली भाजी, मधे दलाल नाही, सकाळी थेट दुकानात. मग शेजारीच दुसऱ्या कंपनीचं सुपरमार्केट उघडलं. त्यांच्याकडे पैसा रग्गड. तोटा सोसून स्वस्त विकायचे. गिऱ्हाईक तिकडे वळलं. त्यात दोन्ही दुकानांची मागची फाटकं एकाच अरुंद गल्लीत. गल्लीत दोन ट्रक शेजारी शेजारी मावत नसत. ज्याचा ट्रक आधी आत, त्याची भाजी आधी विक्रीला.

मॅनेजरने आक्काला बोलावलं. "भावात आपण मार खातोय. ताजा माल एवढंच हातात उरलंय. गल्ली सोडायची नाही."

"म्हणजे हाणामारी करायची?"

"मी तसं म्हटलं का? कशी राखायची ते तुम्ही बघा."

पलीकडचा मुकादम होता आक्काचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, तिच्याच टोळीत तो तयार झाला. जास्त पगारासाठी तिकडे गेला, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

आधी टायर फाडले गेले. मग आक्काच्या एका ड्रायव्हरला खाली ओढून त्याचे दात पाडले. आक्काच्या माणसांनी त्यांचे टोमॅटो चिखलासारखे तुडवले. आणि एका सकाळी गल्लीच्या दोन्ही तोंडांनी दोन ट्रक घुसले आणि नाकाला नाक लावून उभे राहिले.

मग कोण कुणाला मारतंय तेच कळेना. क्रेट उडाले. एकाचं डोकं शटरवर आपटून फुटलं. धाकटा आक्काच्या ट्रकच्या पायरीवर चढून ड्रायव्हरला गचांडी धरून ओढत होता.

"खाली उतर," आक्का म्हणाली. तिच्या हातात पहार होती.

"बाजूला हो आक्के. आज मी नातं बघणार नाही."

त्याने लाथ घातली. ती भिंतीवर आदळली, तोंडातून रक्त आलं. ती उठली आणि ट्रकचं दार धरलेल्या त्याच्या उजव्या हातावर पहार घातली. हाडं मोडल्याचा आवाज त्या गोंगाटातही तिला ऐकू आला.

तो ओरडला नाही. हाताकडे बघत म्हणाला, "तूच शिकवलं होतंस. आधी हात मोडायचा."

आक्काने पहार टाकून दिली. ट्रकांमुळे गल्लीत गाडी येईना. तिने त्याला मालाच्या हातगाडीवर झोपवलं आणि स्वतः ढकलत दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दोन बोटं काढली.

दुपारी ती कामावर परतली, तर मॅनेजर खुशीत होता. "शाब्बास आक्का. आज आपली भाजी आधी लागली."

तिने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. तो कांद्यांच्या ढिगात पडला, तिथेही तिने त्याला तुडवलं. चौघांनी धरलं तेव्हा कुठे थांबली.

ती तुरुंगात असतानाच तिच्या कंपनीने ते दुकान शेजाऱ्यालाच विकून टाकलं. मारामारी ज्यासाठी झाली, ती गल्ली एकाच मालकाची झाली. बोटं गेलेल्या मुकादमाला नव्या मालकाने घरी बसवलं.

ती सुटून आल्यावर काही दिवसांनी धाकटा तिच्या दारात येऊन उभा राहिला.

"घरात घेशील?"

"हात धुऊन ये, जेवायला वाढते," ती सवयीने बोलून गेली, आणि तिला जीभ हासडून टाकावीशी वाटली.

तो मोरीत गेला आणि डाव्या हाताने नळ सोडू लागला.