उठवणाऱ्या मावशी

आमच्या पंपावर मी डिझेल भरतो आणि मावशी माणसं उठवतात. हसू नका, खरंच कामाला आहेत त्या, पगार माझ्याएवढाच. लांबून आलेला ड्रायव्हर विश्रांतीच्या खोलीतल्या फळ्यावर खाटेचा नंबर आणि वेळ खडूने लिहितो आणि आडवा होतो. वेळ झाली की मावशी त्याच्या कानाशी जाऊन काहीतरी पुटपुटतात. माणूस दचकून उठतो, शेजारचा घोरतच असतो. सोळा वर्षांत एकालाही उशीर झालेला नाही.

शेठ स्वतः वीस वर्षं ट्रक चालवून पंपाचे मालक झालेले. कुणीतरी त्यांच्या डोक्यात खूळ भरवलं आणि त्यांनी भिंतीवर विजेची घंटा बसवली.

"मावशी, पहिल्या तारखेपासून घरी आराम करा."

"घरी कुणाला उठवू? नवऱ्याला? तो उठून तरी काय दिवे लावणार आहे!" मावशी म्हणाल्या खऱ्या, पण तोंड एवढंसं झालं. मला शेठचा असा राग आला की म्हणता सोय नाही.

एकतीस तारखेला दुपारी दोनला घंटा पहिल्यांदा वाजली, ती सात नंबरच्या खाटेसाठी. बाकीचे अकरा जण ताडकन उठले आणि त्यांनी घंटेच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सात नंबर ढिम्म! त्याचा ट्रक नेमका फाटकातच उभा, मागे रांग, रांगेत भोंग्यांचा नुसता कल्लोळ. हलवून झालं, तोंडावर पाणी मारून झालं. तो कूस बदलून पुन्हा घोरायला लागला. शेठ स्टुलावर चढून घंटेचा आवाज वाढवू लागले.

मावशी खुंटीवरची पिशवी घेऊन निघाल्याच होत्या. त्या दारातून परत फिरल्या, सात नंबरच्या उशाशी उभ्या राहिल्या आणि खाटेवर थाप मारत ओरडल्या, "येऊ दे... येऊ दे... येऊ दे..."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गाडी मागे घेताना क्लीनर हेच ओरडतो! रोज त्या हे कानात म्हणत. आज भोंग्यांपुढे घसा फोडावा लागला. सात नंबरचे हात झोपेतच स्टिअरिंग फिरवायला लागले.

"येऊ दे... थांब!"

सात नंबरने ब्रेक मारावा तसा उजवा पाय खाटेच्या दांडीवर हाणला आणि उठून बसला. अकरा उजवे पाय फरशीवर आपटले. तेरावा शेठचा. तो स्टुलावर आपटला.

शेठ घंटेसकट खाली आले.

"लागलं का हो?" मावशींनी विचारलं.

शेठ बसल्या जागी मागून चाचपत म्हणाले, "मागचा दिवा गेला वाटतं." मग मांडीवरच्या घंटेकडे बघत हळूच म्हणाले, "उद्या वेळेवर या."

"मी कधी उशिरा आलेय?" म्हणत मावशींनी पिशवी पुन्हा खुंटीला अडकवली.