परवाना ज्याच्या नावावर

तमाम जनतेस या जाहीर नोटिशीद्वारे कळविण्यात येते की, मयत इसमास रिव्हॉल्वर बाळगता येत नाही. हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावी.

हसा. चारचौघांत बसलो की मीही ही नोटीस घसा साफ करून वाचतो आणि लोकांना हसवतो. पण हे एवढं एक वाक्य सिद्ध करायला मला एक तहसीलदार, दोन पंच आणि एक फावडं लागलं होतं. ती घटना आठवली की माझं हसू मात्र अर्ध्यावर थांबतं.

वळसंगच्या पलीकडच्या एका गावातली गोष्ट. मी त्या भागातल्या ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी हजेरी चालू असताना एका बाईचा फोन आला. नवरा पहाटे गेला होता. त्याच्याकडे परवान्याचं रिव्हॉल्वर होतं आणि दोन मुलांची त्यावर नजर होती. ते कुणाच्या हातात द्यायचं, असं ती विचारत होती. समोर बंदोबस्ताचा तक्ता पडलेला. मान वर न करता मी नियम सांगितला, फोन ठेवला आणि विसरलो.

महिन्याभरानं त्या मयताचा थोरला मुलगा आला. शहरात शुक्रवार पेठेत दुकान, बोलणं गोड. रिव्हॉल्वर नावावर करून हवं होतं. मी समजावलं, "परवाना वडिलांबरोबर संपला. हत्यार आधी जमा करा. मग तुम्ही स्वतःच्या नावानं परवान्याचा अर्ज करायचा, बाकीच्या वारसांनी ना हरकत द्यायची. विकायचं झालं तरी घेणाऱ्याकडे परवाना हवा आणि वर कलेक्टर कचेरीची परवानगी."

"म्हंजे आमच्या अप्पाचं हत्यार घ्यायला गावाची सही आणू?"

"गावाची नको. धाकट्या भावाची आणा."

त्याचा चेहरा पडला. विहिरीच्या वाटणीवरून दोघं एकदा कुदळी घेऊन अंगावर धावले होते, हे मला बीट हवालदारानं नंतर सांगितलं. दोन दिवसांनी थोरला पुन्हा आला, आता खबर घेऊन. "साहेब, धाकट्यानं इकलं. घरात कव्हर हाय, हत्यार न्हाय."

झडती घेतली. देवळीत कातडी कव्हर रिकामं पडलं होतं. धाकट्याला ताब्यात घेतलं. हा शेतात राबणारा, मितभाषी गडी. पहिल्या तासातच म्हणाला, "व्हय, मी टाकलं. हिरीत."

माझा अनुभव असा की, खरा गुन्हेगार आधी भाव करतो. जो लगेच कबूल होतो, तो कुणाला तरी पाठीशी घालत असतो. तरी विहीर उपसली. दोन दिवस मोटार चालली. गाळातून एक तांब्या आणि एक चप्पल निघाली.

तिसऱ्या दिवशी मी टेबलावर हात आपटला. "आता गोठा उकरणार, शेत उकरणार. जेसीबी लावतो!"

"लावा की. सगळं उकरा." मग त्याचा आवाज फाटला. "पर अप्पाला तेवढं निवांत बसू द्या."

खोलीत कुणी अप्पाचं नावही काढलं नव्हतं.

त्यांच्यात मयताला जाळत नाहीत, बसवून समाधी देतात. समाधी त्याच शेतात होती. पोरगा आपल्या आईसाठी तुरुंगात जायला निघाला होता, आणि बापासाठीही.

तहसीलदारांची परवानगी घेऊन, पंचांसमोर समाधी उघडली. महिना झाला होता. त्याचं वर्णन पंचनाम्यात आहे, इथे करत नाही. थोरला नाकाला रुमाल लावून बांधावर बसला होता, खबर त्याचीच होती. धाकटा पाठ फिरवून उभा होता. मयताच्या उजव्या मुठीत, भस्माच्या फडक्यात बांधलेलं रिव्हॉल्वर होतं. परवान्यावरचा नंबर जुळला.

धाकटा सुटला. थोरल्याची मागणी फेटाळली गेली, हत्यार सरकारजमा झालं. भाऊ पुढे एकमेकांशी बोलले नाहीत. समाधी पुन्हा बांधली, पण गावातल्या बायका त्या बांधावरून जायच्या बंद झाल्या. त्यांच्या म्हाताऱ्या आईवर कारवाई करायची की नाही, यावर वरिष्ठांना अहवाल गेला. त्या अहवालात एका अधिकाऱ्याच्या हलगर्जीपणाचा परिच्छेद मी स्वतःच्या हातानं लिहिला. कलम आपल्याला पाठ असतं, म्हणून आपण त्याचा तुकडा सांगतो. ऐकणारा त्या तुकड्यावर अख्खा जीव टाकतो. तेव्हापासून मी समोरच्याला नियम पुरता सांगायचो आणि त्याच्याकडून परत वदवून घ्यायचो. शिपाई हसायचे, हसू द्या.

तो परिच्छेद का लिहिला, ते सांगायचं राहिलं. समाधीपाशी म्हातारी डोक्यावरचा पदर धरून उभी होती. रडत नव्हती. सगळ्यांदेखत मी तिच्यावर खेकसलो, "अव्वा, हे असलं करायला तुम्हाला सांगितलं तरी कुणी?"

ती माझ्याकडे वळून ओरडली, "तुमीच की वो साहेब! फोनवर म्हनलासा न्हवं, लायसन ज्याच्या नावावर त्याच्याच हातात ऱ्हायला पायजे, दुसऱ्याला दिलं तर गुन्हा! मग दिलं की मी त्याच्याच हातात!"