आई रडली नव्हती

“आडनाव पूर्ण सांगा,” सर म्हणाले.

मी सांगितलं. हॉलमधल्या माणसांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग आपापल्या वहीत. सरांनी माझा कागद टेबलावर ठेवला आणि चष्मा काढला.

“हां. म्हणजे बघा, हा लेख मत म्हणून उभा राहत नाही. मताला अभ्यास लागतो. तुमच्याकडे अनुभव आहे, तो लिहा ना. आई, वस्ती, काय काय सोसलंत. तो ओलावा येऊ द्या.”

मागून कोणीतरी “खरंय” म्हणालं.

सोलापुरातल्या एका दैनिकाच्या कचेरीत दर रविवारी सकाळी लेखनाचा वर्ग चालायचा. अग्रलेखाशेजारी येतात तसले लेख कसे लिहावेत, ते शिकवायचे. सर त्याच पानाचे संपादक. मी प्राथमिक शाळेत तात्पुरती शिक्षिका, पाचवीचा वर्ग माझ्याकडे. त्या पानावर आपलं नाव यावं, एवढीच हाव होती. खोटं कशाला बोलू.

लेख पाण्याचा होता. आमच्या वस्तीत पाणी रोज येत नाही, आणि येतं ते ऐन दुपारी. मोठी माणसं कामावर. मग पाणी भरायला घरी कोण थांबतं? मुलगी. पाण्याच्या दिवशी माझ्या वर्गात मुलींची बाकं रिकामी असतात, मुलगे मात्र हजर. मी वर्षभराची हजेरी आणि पाणी सुटण्याच्या वेळा शेजारी ठेवून पाहिल्या. माझं म्हणणं साधं होतं. वेळा ठरवणाऱ्यांच्या गच्चीवर टाकी असते, म्हणून पाणी कधी येतं हे त्यांना कळतही नाही. वस्तीला सकाळी पाणी सोडा, नाहीतर या मुलींच्या गैरहजेरीची जबाबदारी घ्या.

हा अभ्यास नाही? मग अभ्यास कशाला म्हणतात?

माझ्या आधी एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी परराष्ट्र धोरणावर वाचलं होतं. सर म्हणाले, “मुद्देसूद.” ते गृहस्थ गाणगापूरच्या पलीकडे गेले नसतील. त्यांना कोणी अनुभव विचारला नाही.

हे मला तिथेच बोलता आलं असतं. बोलले नाही. “बरं सर” म्हणाले आणि घरी येऊन आईवर लिहायला बसले.

आई टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला आहे. आवाज खणखणीत. नळावर भांडण लागलं की बायका तिला बोलावतात. एकदा पाण्याच्या कार्यालयात जाऊन तिने रिकामा हंडा साहेबाच्या टेबलावर ठेवला होता आणि वेळ बदलून घेतली होती. महिनाभर टिकली. मी तेही लिहिलं आणि लेख पाठवला. सरांचा फोन आला. “ते हंड्याचं काढा, आक्रस्ताळं वाटतं. आई कधी रडत नाही का?”

आई रडत नाही. मी रडवली. चुलीच्या धुरात पदराने डोळे पुसणारी, उपाशी झोपणारी बाई मी कागदावर उभी केली. आमच्याकडे गॅस आहे. सांगायला लाज वाटते, पण लिहिताना हात भराभर चालत होता. तसली वाक्यं मी आधी खूप वाचली होती.

चौदा एप्रिलला, जयंतीच्या पुरवणीत लेख आला. नाव, फोटो, सगळं. मुख्याध्यापिकाबाईंनी पेढा दिला. मोबाइलवर “डोळे पाणावले” असे निरोप. पेपर नाचवत घरी गेले आणि आईला मोठ्याने वाचून दाखवला.

तिने पेपर माझ्या हातातून काढून घेतला.

“ही कोन बाई?”

“तूच की.”

“मी कवा रडले गं? आन् कुनापुढं?”

“तसं लिवावं लागतं, आई.”

“आन् पान्याचं? दुपारचं सोडत्यात त्ये कुटं हाय ह्यात?”

“त्ये त्यांनी घेतलं न्हाय.”

“मंग माजं रडू कशापायी दिलंस त्यास्नी?”

दुसऱ्या दिवशी कारखान्यात बायकांनी तिला विचारलं, “उपाशी झोपत हुतीस व्हय? सांगितलं न्हाईस कदी.” कोणापुढे हात न पसरलेली माझी आई. त्या दिवशी ती खाली मान घालून घरी आली. आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

सरांनी माझा अपमान केला होता. आईचा मी केला. माझ्या हाताने, छापून येण्याच्या लोभाने. त्या आठवड्यात मला कळलं, यांना आमचं दुःखच का हवं असतं. दुःखावर हळहळलं की काम झालं. मताला उत्तर द्यावं लागतं, आणि ते त्यांना द्यायचं नसतं.

नोव्हेंबरात पुन्हा फोन. मी वर्गाबाहेर व्हरांड्यात होते.

“सहा डिसेंबरची पुरवणी आहे. तसंच एक येऊ द्या. आजीवर वगैरे.”

मी वर्गाचं दार ओढून घेतलं.

“आजीवर लिहिणार नाही, सर. पाण्याचा लेख पाठवते, या वर्षीची हजेरी जोडून. तुमच्या रोजच्या पानावर घ्या.”

“अहो, त्या पानाची एक पातळी आहे.”

“माहीत आहे. मी ते पान रोज वाचते.”

“फार लवकर चढलात. आम्ही छापलं म्हणून नाव झालं तुमचं, विसरू नका.”

“जे छापलंत ते खोटं होतं. माझी आई रडली नव्हती. तसा खुलासा पाठवते, माझ्या सहीचा. तोही छापा.”

“असले खुलासे कोणी छापत नाही.” फोन बंद.

छापला नाहीच. मग मी त्याच्या झेरॉक्स काढल्या. कारखान्याची पाळी सुटताना फाटकाशी उभी राहिले आणि बायकांपुढे वाचायला लागले. मी माझ्या आईबद्दल खोटं लिहिलं. ती उपाशी झोपली नाही. तिने साहेबाच्या टेबलावर हंडा ठेवला होता आणि संपादक तो छापायला नको म्हणाले, म्हणून मी खोडला. आवाज फाटत होता. बायका थांबल्या. आई माझ्या मागे येऊन उभी राहिली.

“मोट्यानं वाच की,” म्हणाली.

मोठ्याने वाचलं.

पाण्याचा लेख दोन दैनिकांनी परत केलाय. आता तिसऱ्याकडे आहे. त्यानेही परत केला तर पुन्हा फाटकाशी वाचीन. रडणारी बाई माझ्याकडून आता कोणालाही मिळणार नाही, एप्रिलात नाही, डिसेंबरात नाही. पाणी दुपारी का सोडता, हे मी विचारलंय. उत्तर घेतल्याशिवाय हटणार नाही.