हौदात पडलेली हल्डा

हल्डा ब्रँडवोल्ड लॉस एंजेलिसच्या एका विनोदी चित्रपटांच्या कंपनीत आली ती कपड्यांना इस्त्री करायला. साल १९१४. वय चौतीस, उंची सहा फुटांना दोन बोटं कमी, आणि मनगटं अशी की ओली घोंगडी एका पिळ्यात निथळावी. मिनेसोटाच्या जंगलात झाड अंगावर पडून नवरा गेला, तेव्हा तिथल्या थंडीला रामराम ठोकून ती इकडे आली होती.

एके सकाळी दिग्दर्शक गॅफनी इस्त्रीच्या खोलीत डोकावला. "बाई, घोड्यांच्या हौदात पडाल का? सासूचं काम करणारी नटी तापाने फणफणलीय."

"पाणी गार आहे?"

"आहे की."

"मग दुपारी पडते. जरा ऊन लागू दे त्याला."

जावयाने ढकलायचं, सासूने पडून भोकाड पसरायचं, एवढाच प्रसंग. हल्डा पडली. अर्धा हौद अंगणात आला. पण रडण्याऐवजी ती सावकाश उठली, डोक्यावरची पिसांची टोपी काढली, धुणं पिळावं तशी पिळली, झटकून पुन्हा नीट बसवली आणि जावयाकडे असं काही बघितलं, की तो नट खरोखरच दोन पावलं मागे सरला.

गॅफनी भडकला. "रडायला सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"हौदात पडल्यावर रडत कोण बसतं हो? आधी टोपी बघतात."

"फिल्म वाया घालवली बाईने!"

कॅमेऱ्याचा दांडा फिरवणारा लुडविक हसू दाबत म्हणाला, "साहेब, कापू नका. एकदा लोकांना दाखवून तर बघा."

गॅफनीने कुरकुरत तो तुकडा ठेवला. चित्रपट लागला त्या शनिवारी लुडविक तिला थिएटरात घेऊन गेला. ती पडली तेव्हा लोक हसले, पण टोपी पिळताच बाकं दणाणली. पुढच्या रांगेतली एक धोबीण उभी राहून ओरडली, "आता त्यालाही पीळ गं!" आजवर लोक हल्डाच्या उंचीला हसत आले होते. आज पहिल्यांदाच ते तिच्या बाजूने हसत होते.

पुढच्या आठ वर्षांत तिने नव्वद छोटे चित्रपट केले. जिने, गाढवं, चुन्याची पिंपं, कशावरूनही आणि कशातही पडली. मग मोठ्या चित्रपटांचे दिवस आले. कंपनीचा नवा मालक तिला कामावरून काढताना म्हणाला, "लोकांना आता नाजूक मुली हव्यात." आठवडाभर ती घराबाहेर पडली नाही.

आठव्या दिवशी दारात ओपल ट्रेडवे उभी, वीस वर्षांची नटी, मनगट प्लास्टरमध्ये. "शिडीवरून पडले. मला पडायला शिकवाल का?"

"मोडायच्या आधी यायचंस ना, वेडाबाई! ये आत."

हल्डाने एक रिकामं कोठार भाड्याने घेतलं, पेंढ्याच्या गाद्या अंथरल्या. मनगट बरं झाल्यावर ओपल पडायला शिकली, मग आणखी मुली आल्या. बोलपट आले तेव्हा भल्याभल्यांची पाचावर धारण बसली. हल्डाच्या जाड, माहेरच्या नॉर्वेजियन वळणाच्या बोलीला मात्र खाणावळवालीची भूमिका मिळाली; तिचं नाव ओपलनेच सुचवलं होतं. करार तीन चित्रपटांचा. मग कोठारात मुली कोलांट्या घेत आणि पन्नाशीची हल्डा खुर्चीत बसून संवाद घोके. चुकली, की ओपल गादीवर खाली डोकं वर पाय असतानाच ओरडे, "पुन्हा म्हणा, एक शब्द खाल्लात!"