सी-टीमला एक मॅच जिंकायची होती

जिंकणाऱ्या टीमकडे कप जमतात. हरणाऱ्या टीमकडे किस्से जमतात. परतीच्या जीपमध्ये कोणीतरी म्हणतं, "अबे, पण ते पाहिलं का?" की झाला किस्सा तयार! आमच्या कॉलेजच्या सी-टीमकडे असे किती असतील, याचा अंदाज तुम्हीच करा.

कॉलेज तसं माझं नाही, मी अजून नववीत शिकते. कॉलेज बाबांचं. बाबा तिथे हेड क्लार्क आहेत. सगळे त्यांना ‘बडे बाबू’ म्हणतात, आणि रविवारी ते सी-टीमचे कॅप्टन असतात. मी स्कोअरर. मला चारचौघांत बोलायला जमत नाही, म्हणून हे काम मला फार आवडतं. अंपायरने चौकार दाखवला की आपण फक्त हात वर करायचा. दिवसभर एक शब्द न बोलता सगळ्यांच्यात बसता येतं.

कॉलेजच्या क्रिकेट क्लबच्या एकूण चार टीम. ए-टीम विद्यापीठाच्या स्पर्धा खेळते. बी-टीम ए-टीममध्ये जायची वाट पाहते. सी-टीममध्ये प्राध्यापक, ऑफिसचे लोक आणि उरलेली मुलं. डी-टीममध्ये त्यातूनही उरलेले!

यंदा सीझन सुरू व्हायच्या आधी प्राचार्यांनी बाबांना केबिनमध्ये बोलावलं. "बडे बाबू, ए-टीमला रविवारी प्रॅक्टिससाठी ग्राउंड पाहिजे. या सीझनमध्ये एक तरी मॅच जिंका. नाहीतर सी-टीम बंद!"

बाबा कॉलेजात शिकत होते तेव्हापासून या टीममध्ये खेळतात. त्या रात्री वरणात मीठ नव्हतं, तेही त्यांनी सांगितलं नाही. आई म्हणाली, "यायनं लयच मनावर घेतलं, माय!"

*

पहिली मॅच दिग्रसच्या टीमशी होती. आमचे मेन बॉलर राठोड सर. ते बॉटनी शिकवतात. त्या सकाळी त्यांचा फोनच लागेना. लागला तेव्हा मागे ढोल वाजत होता.

"बडे बाबू, तांड्यावर आहो. पुतण्याची हळद आहे ना आज!"

"सर, तुमच्या ओव्हर टाका अन् वापस जा. हळद काय पळून जाते का?"

मग फोनवरच सर गोरबोलीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत, "याडी, याडी" करत आपल्या आईची समजूत काढताना ऐकू आले. थोड्या वेळाने मोटरसायकलवर हजर! पॅन्ट पांढरी, शर्ट पांढरा, आणि कोपरापासून बोटांपर्यंत सर पिवळे. कानामागेही पिवळे.

एका ओव्हरमध्ये लाल बॉलचा रंग बदलला. दिग्रसचा बॅट्समन अंपायरकडे गेला. "हे काय आहे भाऊ? बॉलले हळद लावली! आता माह्यं लग्न लावता का?"

सर रनअपवरून ओरडले, "लग्न नाही बेटा, सरळ बिदाई!"

पुढच्याच बॉलवर त्याचा मधला स्टम्प गेला. स्टम्पलासुद्धा थोडी हळद लागली होती.

मॅच मात्र हरलो.

*

आम्ही खेळतो त्या खालच्या ग्रेडमध्ये बाहेरून अंपायर येत नाहीत. बॅटिंग करणाऱ्या टीमचेच दोघे जण उभे राहतात. त्यामुळे एलबीडब्ल्यू आमच्याकडे जवळजवळ होतच नाही. बॉल पॅडवर लागला की अंपायर आभाळात पाहतो. फक्त राठोड सर पाहत नाहीत.

एका रविवारी प्राचार्य स्वतः ग्राउंडवर आले. "मीही खेळतो थोडं. बघू तरी, तुम्हाला अडचण काय येते!"

त्यांना पॅड बांधले. पहिलाच बॉल पॅडवर, अगदी स्टम्पसमोर. बॉलर समोरच्या टीमचा असला तरी शिकायला आमच्याच कॉलेजात होता. त्याने घाबरत, अर्ध्या आवाजात विचारलं, "सर... हे... काही आहे का?"

राठोड सरांचं बोट वर!

प्राचार्य हललेच नाहीत. "राठोड, जरा विचार करून सांगा."

"केला ना सर. म्हणूनच सांगून राह्यलो."

त्यानंतर राठोड सरांच्या सुट्टीच्या अर्जावर बरेच दिवस सहीच होईना. ते रोज ऑफिसात येऊन विचारायचे. शेवटी बाबा म्हणाले, "सर, आता तुम्हीच रिव्ह्यू घ्या!"

*

मधे एक रविवार मोकळा होता, म्हणून सी आणि डी या टीमची आपसात मॅच ठेवली. सकाळी मोजलं तर दोन्ही टीमची मिळून सतराच माणसं! कोणाचं लग्न, कोणाची परीक्षा, कोणाला झोप.

मग काही जण दोन्हीकडून खेळले. राठोड सरही. आमच्याकडून ते शून्यावर आऊट झाले. जेवले, पॅड बदलले आणि डी-टीमकडूनही शून्यावर आऊट झाले.

"बडे बाबू," ते पॅड सोडत म्हणाले, "माह्यावर कोणी पक्षपाताचा आरोप नाही करू शकत!"

ती मॅच आम्ही जिंकलो. सोमवारी बाबा खुशीत केबिनमध्ये गेले आणि लगेच बाहेर आले. घरातल्या घरात जिंकलेलं प्राचार्य धरत नव्हते.

*

आता गज्याचं सांगते. गजानन बी.ए.ला आहे. आमच्या टीममध्ये सिक्स मारता येणारा एकटाच. आमच्या ग्राउंडला लागून कापसाचं शेत आहे. बॉल तिकडे गेला की वेचणीच्या बाया तो परत फेकतात, आणि खरं सांगायचं तर आमच्या फिल्डरपेक्षा सरळ फेकतात.

ए-टीमच्या कुठल्यातरी स्पर्धेतले पांढरे बॉल उरले होते. क्लबने ते आम्हाला दिले. नवीन बॉल! बाबांनी बॉक्स उघडून वास घेतला. कोणाच्याच काही लक्षात आलं नाही.

गज्याने तिसऱ्या ओव्हरमध्ये सिक्स मारला. बॉल थेट शेतात. शेत ऐन फुटलेलं. जिकडे पाहावं तिकडे पांढरंच पांढरं!

आधी आमचे दोघे गेले. मग समोरची टीम गेली. मग अंपायर आणि आमचे उरलेले सगळे. मी पेन ठेवून उभी राहून पाहत होते. बावीस माणसं कापसात कमरेपर्यंत बुडाली होती, आणि दर थोड्या वेळाने कोणीतरी ओरडायचं, "सापडला! ...नाही, बोंड आहे."

वेचणीतल्या एका मावशींना हसू आवरेना. "अवो बाप्पा, कापूस फुटल्यावर पांढरा बॉल कायले आणता? अन् आलेच शेतात तर रिकाम्या हातानं काहून फिरून राह्यले? येचत येचत पाहा ना!"

आमच्या लोकांना हे पटलं. मावशींनी दोघातिघांच्या कमरेला कापूस भरायच्या ओट्याही बांधून दिल्या.

दुपारपर्यंत बॉल काही सापडला नाही. कापूस मात्र गाठोडंभर निघाला!

*

खालच्या ग्रेडची एक रीत आहे. ज्यांच्या गावात मॅच, जेवण त्यांचं. केळापूरला आम्ही गेलो तेव्हा त्यांची बॅटिंग लवकर आटोपली. आम्हाला अगदी थोडे रन हवे होते. बाबा माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाले, "बेटा, आज होते वाटते."

मग जेवण आलं. गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वर तुपाची धार, वांग्याची भाजी, वरण. केळापूरचा कॅप्टन स्वतः वाढत होता. "घ्या ना सर, अजून एक. एक रोडगा खाऊन काय होते? चाचा, तुम्ही तर काहीच नाही घेतलं!"

चाचा म्हणजे शेखचाचा, केमिस्ट्रीच्या लॅबमधले. त्यांनी चौथा रोडगा घेतला होता.

मला एकच गोष्ट खटकली. केळापूरचं कोणीच जेवत नव्हतं! ते सगळे नुसते वाढत होते. मला हे बाबांना सांगायचं होतं, पण पंगतीत सगळ्यांसमोर कसं सांगायचं, म्हणून राहून गेलं.

त्यानंतर जे झालं त्याला बॅटिंग म्हणता येणार नाही. शेखचाचा रन काढताना मधेच चालायला लागले. राठोड सर पुढच्या बॅट्समनच्या खुर्चीवर पॅड बांधून झोपले होते, त्यांना हलवून पाठवावं लागलं. आम्ही हरल्यावर केळापूरची टीम जेवायला बसली!

बाबांनी ते नीट लक्षात ठेवलं. पुढची मॅच आमच्या ग्राउंडवर होती. बाबांनी समोरच्या टीमला बॅटिंगच्या आधी पोटभर जेवायला घातलं. स्वतः आग्रह केला. जिलेबीसुद्धा आणली.

त्यांनी सगळं संपवलं, ढेकर दिले आणि एकही विकेट न गमावता मॅच जिंकली. जाताना त्यांचा कॅप्टन म्हणाला, "बडे बाबू, असं जेवण असलं तर आम्ही दर रविवारी येतो!"

*

अशा रीतीने सीझनची शेवटची मॅच आली. राजूरला, कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्यांच्या टीमशी. ही हरलो की सी-टीम संपली. 

तिथलं ग्राउंड खाणीपासून जवळ. झाडांची पानंसुद्धा काळपट. टॉस होईपर्यंत आमचे पांढरे कपडेही त्याच रंगाचे झाले.

राजूरने बॅटिंग केली, मग आम्ही. नेहमीप्रमाणे विकेट पडत गेल्या. शेखचाचा शून्यावर गेले. राठोड सर आऊट होऊन अंपायर झाले. शेवटी बाबा आणि गज्या, एवढेच उरले. पाच रन हवे होते, आणि बॅटिंगला बाबा होते.

तेवढ्यात रस्त्यावर बस येऊन हॉर्न वाजवायला लागली. दुपारच्या शिफ्टची बस! राजूरचे चार फिल्डर पळतच निघाले. विकेटकीपरने ग्लोव्हज जमिनीवर ठेवले आणि तोही गेला.

राजूरचे कॅप्टन आत्रामभाऊ बाबांजवळ आले. "बडे बाबू, माणसं गेली. मॅच इथंच सोडायची, का तुमची पाच माणसं देता फिल्डिंगले?"

खालच्या ग्रेडमध्ये हे चालतं. फिल्डर कमी पडले तर बॅटिंगवाल्यांनी आपले आऊट झालेले लोक द्यायचे, आणि त्यांनी प्रामाणिकपणे फिल्डिंग करायची. बाबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मॅच सोडली तर जिंकणं नाहीच. ते म्हणाले, "घेऊन जा. चाचा, तुम्हीही जा."

शेखचाचांनी कॅच धरलेला टीममध्ये कोणालाच आठवत नाही. आत्रामभाऊंना हे माहीत असायचं कारण नव्हतं. पण त्यांनी चाचांचं वय पाहून त्यांना लांब, बाउंड्रीच्या चुन्याच्या लाईनजवळ उभं केलं. बाबांचा बॉल तिथपर्यंत कधी जात नाही.

बाबांनी डोळे मिटले आणि मारला. डोळे मिटलेले मी पाहिले. बॉल वर गेला, आणखी वर गेला, आणि चाचांच्या दिशेने खाली यायला लागला.

चाचा दोन्ही हात वर करून मागे मागे सरकत होते.

आत्रामभाऊ ओरडले, "चाचा, धराऽऽ!"

गज्या ओरडला, "चाचा, सोडाऽऽ!"

चाचांनी धरला! दोन्ही हातांनी, छातीशी. आणि धरल्यावर ते एक पाऊल मागे गेले. मग आणखी एक.

 चुन्याची लाईन आता चाचांच्या बुटांसमोर होती.

राठोड सर अंपायरच्या जागेवरून निघाले, चालत पार लाईनपर्यंत गेले. वाकून बूट पाहिले. टाचेला चुना लागला होता. मग सर सरळ उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. सिक्स!

स्कोअररने एकच हात वर करायचा असतो. माझे दोन्ही गेले.

गज्याने बाबांना उचललं. बाबा हातातली बॅट सोडायला तयार नव्हते, त्यामुळे ती गज्याच्या डोक्याला लागत होती. तिकडे आत्रामभाऊ चाचांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चाचा, आता खरं सांगा. लाईन दिसलती का नाही?"

चाचांनी बॉल शर्टाला पुसला आणि त्यांच्या हातात दिला. हसले. 

मग ते सरळ माझ्या टेबलाशी आले. घामाने भिजलेले, काळे झालेले.

"बेटा, कॅच लिहिला ना?"

मला बोलावंच लागलं. "चाचा, सिक्स झाला ना. आपण जिंकलो!"

"हाव, जिंकलो ते तर झालं. पण तू पाह्यलं ना? असा छातीशी धरला. सुटला का?"

"नाही सुटला, चाचा."

"मग?" चाचांनी माझं पेन उचलून माझ्या हातात दिलं. "सिक्स बी आपला, कॅच बी आपलाच. दोन्ही लिही!"