फिरलेली फरशी

शनिवारी लातूरहून नांदेडला येताना बसमध्ये मांडीवर चार जुन्या फरश्या घेऊन बसले होते. कंडक्टरनं विचारलं, "मॅडम, घर बांधून राहिलात काय?" नुसती हसले... काय सांगणार त्याला?

माझे वडील, अण्णा, फरशी बसवणारे मिस्त्री. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा एका कचेरीच्या व्हरांड्याची फरशी त्यांनी बसवली. प्रत्येक फरशीच्या एका कोपऱ्यात पाव फूल, चार जुळवल्या की अख्खं.

एकच फूल मोडकं. एक फरशी फिरून बसली आणि लक्षात येईपर्यंत खालचा माल सेट झाला. उखडायची तर नवा माल कालवायला पाणी हवं, आणि दुष्काळात टँकरचा पत्ता नाही... उरलेली बादली अण्णांनी मजुरांना प्यायला ठेवली.

लहानपणी लातूरला गेलं की अण्णा मला तिथं न्यायचेच. म्हणायचे, "एवढा व्हरांडा नीट बसवला, पण नजर जाती ती इथंच." मी मुद्दाम त्याच फरशीवर उभी राहायचे.

अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली. मी सातवीला गणित शिकवते. एकच आकृती सरकवत, फिरवत फट न ठेवता जागा कशी भरायची, हे सांगताना दरवर्षी त्या व्हरांड्याचा फोटो दाखवते. पोरं लगेच चूक पकडतात, वर मलाच चिडवतात.

यंदा कळलं, तिथं चकचकीत टाइल्स बसणार. धावतच गेले... मला ती एक फरशी हवी होती, बस्स.

पण सगळ्या उखडून ढीग लावलेला. मुकादम म्हणाला, "कोणती पायजे मॅडम? समद्या सारख्याच हायत की."

अगं बाई, खरंच की! गणिताची बाई मी, आणि एवढं सुचू नये? जागेवरून उचलली की चुकलेली फरशी चुकलेली राहतच नाही... ढिगापाशी बसून खूप रडले. मग धड निघालेल्या चार उचलल्या.

सोमवारी पोरांनी त्या वर्गात जुळवल्या. फूल झालं, टाळ्या पडल्या. पहिल्या बाकावरची पोरगी म्हणाली, "मॅडम, यातली चुकलेली कोणती हाय?"

मी खाली बसले. एक फरशी उचलली, पाव वळण फिरवून परत ठेवली. फूल मोडलं.

"ही," म्हणाले... आणि त्याच फरशीवर जाऊन उभी राहिले. अण्णा, तुमची लई आठवण येते हो.